वॉर्डापासून लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत

(इंदापूर तालुक्यातील वरकुटे येथे ग्रामपंचायतींच्या सदस्य भगिनी, कार्यकर्ते आणि ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आज मला एका स्त्रीच्या सार्वजनिक जीवनाविषयी बोलायचे आहे. ती एका वॉर्डातून निघाली आणि लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचली. अशा विषयाची सुरुवात दिल्लीपासून करण्याची रीत आहे; पण मी ती नीरेच्या काठापासून करणार आहे. आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा वाहते. तिच्याच काठावरच्या होळ या गावाने एका घराण्याला आडनाव दिले. मल्हारराव होळकर या मातीतून निघाले आणि माळव्यात जाऊन त्यांनी राज्य उभे केले. त्यांची सून चौंडीची. त्या अहिल्यादेवींनी १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे, ते राज्य सांभाळले. ज्या जिल्ह्यात चौंडी आहे, त्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर असे नाव आहे. म्हणून इंदूर हे शहर आपल्याला परके नाही. नीराकाठच्या घराण्याने वाढविलेले ते शहर आहे.

त्याच इंदुरात १९६५ मध्ये आणखी एक मराठी सून गेली. माहेर कोकणात, चिपळूणला. माहेरचे आडनाव साठे. वडील संघकार्यात मुरलेले. इंदूरच्या महाजनांच्या घरी ती आली. पती जयंत महाजन व्यवसायाने वकील. या सुनेने इंदूर विद्यापीठातून एम.ए. आणि एलएल.बी. या पदव्या मिळविल्या, समितीच्या कामात ती रमली, रामायणावर प्रवचने करू लागली. त्या वेळी कोणी सांगितले असते की, ही गृहिणी एक दिवस भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षासनावर बसेल, तर तिच्या आप्तांनीही ते हसण्यावारी नेले असते. पण ६ जून २०१४ रोजी नेमके तेच घडले. त्या म्हणजे श्रीमती सुमित्रा महाजन. इंदूर त्यांना 'ताई' म्हणते. हिंदी बोलणाऱ्या शहराने एका मराठी नात्याचा शब्द आपला करून घ्यावा, यातच पुष्कळ काही आले.

पहिली पायरी

आपण मोठ्या माणसांचे चरित्र वाचतो तेव्हा शेवटचे पान आधी पाहतो. अध्यक्षपद, पद्मभूषण, आठ विजय. मला मात्र आज तुमचे लक्ष पहिल्या पानाकडे वेधायचे आहे. १९८२ मध्ये सुमित्राताई इंदूर महापालिकेत नगरसेविका झाल्या. १९८४-८५ मध्ये त्या उपमहापौर होत्या. या काळात स्त्रियांना कोणतेही आरक्षण नव्हते, हे ध्यानात घ्या. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती व्हायला अजून दहा वर्षे होती. सभागृहात बहुसंख्य पुरुष, प्रशासनातही पुरुष, आणि त्यांच्यासमोर उभे राहून एका गृहिणीने आपल्या भागाचा प्रश्न मांडायचा, असा तो काळ होता.

नगरसेवकाचे काम म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. ग्रामपंचायत सदस्याचे काम त्याच जातीचे असते. गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, खांबावरचा दिवा गेला, दाखला अडला, निराधार म्हातारीचे अनुदान थांबले. हे प्रश्न कोणत्याही वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. परंतु ज्याच्या दारात गटार तुंबलेले असते, त्याच्यापुरते तेच राष्ट्राचे पहिले पान असते. आणि दिल्लीत बसलेल्याला चुकविता येते तशी या लोकांची नजर वॉर्डातल्या माणसाला चुकविता येत नाही. सकाळी दूध आणायला निघाले की प्रश्न विचारणारा समोर उभा! ज्याने ही नजर चार-पाच वर्षे सोसली, त्याला पुढे कोणत्याही सभागृहाची भीती वाटत नाही. सुमित्राताईंची घडण या शाळेत झाली.

पराभवाचे वर्ष

मग आले १९८५. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती सहानुभूतीची लाट होती. आदल्या डिसेंबरात लोकसभेत भारतीय जनता पक्षाला देशभरात मिळून अवघ्या दोन जागा मिळाल्या होत्या. त्या वातावरणात सुमित्राताई मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या.

भगिनींनो, आपल्या घरांत अशा वेळी काय होते? 'झाले ना समाधान? आता घरात लक्ष घाला,' असे बोल ऐकावे लागतात. पुरुष हरला तर म्हणतात, लाट विरोधात होती. बाई हरली तर म्हणतात, तिला जमले नाही. हा दुजाभाव आपल्या सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतही आहे, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सुमित्राताईंनी पराभवाला शेवट मानले नाही, आणि त्यांच्या संघटनेनेही त्यांना बाजूला सारले नाही. अवघ्या चार वर्षांनी, १९८९ मध्ये, त्यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली.

समोर कोण होते? प्रकाशचंद्र सेठी. मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री, १९८० आणि १९८४ असे लागोपाठ दोनदा इंदुरातून लोकसभेवर गेलेले. एका बाजूला देशाचे गृहखाते सांभाळलेले नेते आणि दुसऱ्या बाजूला एकदा उपमहापौर झालेली, विधानसभेला हरलेली स्त्री. इंदूरच्या मतदारांनी त्या स्त्रीला निवडले.

येथे एक प्रश्न मनात येईल. मराठी मतांच्या बळावर हे झाले असेल का? इंदुरात मराठी समाज आहे, जुना आहे, प्रतिष्ठित आहे. पण तो अल्पसंख्य आहे. एखाद्या समाजाच्या मतांवर एकदा कोणी निसटून निवडून येईल. आठ वेळा येणार नाही. १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकच मतदारसंघ, एकच पक्ष, सलग आठ विजय. यामागे जातीचे किंवा भाषेचे गणित नव्हते. वर्षानुवर्षांचा संपर्क होता.

आणि हा प्रवास सुखाचाच होता असेही नाही. २००९ मध्ये त्या निवडून आल्या, पण मताधिक्य होते केवळ ११,४८०. लाखो मतदारांच्या मतदारसंघात हा आकडा म्हणजे मतदारांनी दिलेला इशाराच. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, तेच मताधिक्य ४,६६,९०१ झाले. त्या वेळी देशात मोठी लाट होती, हे खरे. परंतु सहा निवडणुका जिंकल्यानंतर सातव्या वेळी जेमतेम निभावलेला लोकप्रतिनिधी एक तर मतदारांवर रुसतो, नाही तर पुन्हा त्यांच्या दाराशी जातो. त्या दाराशी गेल्या.

सभा चालविण्याची विद्या

१९९९ ते २००४ या काळात अटलजींच्या मंत्रिमंडळात त्यांनी मनुष्यबळ विकास, दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान, तसेच पेट्रोलियम या खात्यांचे राज्यमंत्रिपद सांभाळले. परंतु त्यांच्या आयुष्याचा कस लागला तो सोळाव्या लोकसभेत. मीरा कुमार यांच्यानंतर लोकसभेच्या अध्यक्ष झालेल्या त्या दुसऱ्या महिला. निवड बिनविरोध झाली.

अध्यक्षाचे काम म्हणजे काय, हे तुमच्या सरपंचांना विचारा. ग्रामसभेत एकाच वेळी दहा जण उठून बोलू लागतात. कोणाला रस्त्याचे सांगायचे असते, कोणाला बांधाच्या भांडणाचे, कोणी जुना हिशेब मागतो. त्या गदारोळात विषयपत्रिका पुढे न्यायची, विरोधकालाही बोलू द्यायचे आणि ठराव नीट लिहून घ्यायचा, ही विद्या आहे. लोकसभेत हीच विद्या पाचशेहून अधिक सदस्यांपुढे वापरावी लागते. फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही.

त्यांच्या निर्णयांवर टीका झाली नाही असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये सभागृहात फलक घेऊन कामकाज रोखणाऱ्या काँग्रेसच्या २५ सदस्यांना त्यांनी पाच दिवसांसाठी निलंबित केले. विरोधी पक्षांनी त्याचा तीव्र निषेध केला. २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात गोंधळामुळे अविश्वासाच्या सूचना चर्चेला येऊ शकल्या नाहीत, तेव्हाही आक्षेप घेतले गेले. पुढे पावसाळी अधिवेशनात त्यांनी तशी सूचना स्वीकारली आणि २० जुलै २०१८ रोजी दिवसभर चर्चा होऊन १२६ विरुद्ध ३२५ मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. अध्यक्षाच्या आसनावर बसणाऱ्याला सर्वांची वाहवा मिळत नसते. पण कठोर होताना आवाज न चढविणे आणि सभागृह संपल्यावर कटुता न ठेवणे, हे वॉर्डात शिकलेले शहाणपण तेथे कामी येते. ज्याच्याशी सकाळी भांडलो, त्याच्याच घरच्या लग्नाला संध्याकाळी जायचे असते, हे गावात राहणाऱ्याला कळते.

त्यांच्या दोन कामांचा मात्र मुद्दाम उल्लेख करते. २०१५ मध्ये खासदारांना गहन विषयांवर तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून त्यांनी अध्यक्षीय संशोधन उपक्रम सुरू केला. आणि मार्च २०१६ मध्ये देशभरातील महिला लोकप्रतिनिधींचे राष्ट्रीय संमेलन दिल्लीत भरविले. पहिल्या कामाचा अर्थ असा की, निवडून येणे म्हणजे सर्व काही येणे नव्हे, शिकावे लागते. दुसऱ्याचा अर्थ असा की, आपण एकटी वर आलो म्हणजे काम संपले नाही. बाकीच्यांना हात द्यावा लागतो. आणि माळव्याच्या ज्या सुनेने त्यांच्यापूर्वी दोनशे वर्षे हे शहाणपण दाखविले, त्या अहिल्यादेवींवर त्यांनी 'मातोश्री' हे पुस्तक लिहिले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पद सोडण्याचा संस्कार

२०१९ ची निवडणूक जवळ आली. पंच्याहत्तरीनंतर उमेदवारी द्यायची की नाही, याची चर्चा होती आणि इंदूरचा निर्णय लांबला होता. ५ एप्रिल २०१९ रोजी सुमित्राताईंनी जाहीर पत्र लिहिले. आपण निवडणूक लढविणार नाही, पक्षाने निःसंकोच निर्णय घ्यावा, असा त्याचा आशय होता. तीस वर्षे ज्या मतदारसंघावर प्रेम केले, तो सोडताना मनाला काहीच वाटले नसेल असे मी समजत नाही. त्या लांबलेल्या निर्णयाची बोच त्या पत्रात नव्हती असेही म्हणवत नाही. पण त्या बंड करून उठल्या नाहीत, की घरातल्या कोणाला पुढे करून हटून बसल्या नाहीत. त्यांच्या जागी आलेले शंकर लालवानी हेही इंदूर महापालिकेतूनच वर आलेले. म्हणजे पदाचा वारसा घराकडे न जाता पुन्हा वॉर्डाकडेच गेला. २०२१ मध्ये भारत सरकारने सुमित्राताईंना पद्मभूषण जाहीर केले.

आता कोणी म्हणेल, हा एक अपवाद झाला. तसे नाही. आपल्या पुण्याचे गिरीश बापट टेल्कोत नोकरी करीत होते, आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला, १९८३ मध्ये नगरसेवक झाले, पाच वेळा कसब्याचे आमदार झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेत गेले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा शोक करणाऱ्यांत सर्व पक्षांचे लोक होते. त्याच पुण्याचे महापौर राहिलेले मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री झाले. आणि वैचारिकदृष्ट्या आपल्यापासून दूर असलेल्या मृणाल गोरे यांचेही नाव मी आदराने घेते. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून त्यांनी सुरुवात केली, मुंबई महापालिकेत पाण्यासाठी लढल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. 'पाणीवाल्या बाई' हे बिरुद त्यांना हंडा घेतलेल्या बायकांनी दिले. विचार वेगळे असतील. वाट एकच आहे.

वरकुट्यात काय?

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. २०२४ मध्ये तुम्ही लोकसभेसाठी मतदान केले तेव्हा या बारामती मतदारसंघातल्या दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रिया होत्या आणि दोघी एकाच घरातल्या होत्या. घराण्याचा वारसा हा संसदेकडे जाणारा एक रस्ता आहे. त्याविषयी आज मला बोलायचे नाही. ज्यांना तो वारसा नाही, अशा शेकडो घरांतल्या लेकी-सुनांसाठी दुसरा कोणता रस्ता आहे, हे मला सांगायचे आहे. तो रस्ता याच गावाच्या ग्रामपंचायतीच्या पायरीवरून जातो.

आणि तेथेच आपण तो अडविला आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सुमित्राताईंच्या वेळी जे नव्हते, ते तुम्हाला मिळाले. पण मी एका गावी गेले होते. गावाचे नाव सांगत नाही. सरपंचबाईंना भेटायचे होते. कार्यालयात त्यांच्या खुर्चीवर त्यांचे पती बसले होते. मी विचारले, 'सरपंच कुठे आहेत?' ते सहज म्हणाले, 'मीच की! बोला.' बाई घरी होत्या. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मी विचारले, 'मागच्या मासिक सभेत कोणता ठराव झाला?' त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'ताई, मी सही केली. वाचायला कोणी दिलंच नाही.' त्या बाई बी.ए. झालेल्या होत्या.

बंधूंनो, तो गृहस्थ दुष्ट नव्हता. आपण बायकोला मदतच करतो आहोत, असे त्याला मनापासून वाटत होते. पण विचार करा. १९८२ मध्ये इंदूरच्या महापालिकेत सुमित्राताईंच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले असते, तर २०१४ मध्ये लोकसभेच्या खुर्चीवर कोण बसले असते? जी सभा आपण चालविली नाही, तिचा अनुभव आपल्याला मिळत नाही. सही उसनी देता येते, अनुभव उसना घेता येत नाही.

२०२३ मध्ये संसदेने १०६वी घटनादुरुस्ती संमत केली. लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारा तो कायदा आहे. त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडलेली आहे. म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही. त्या जागांवर कोण जाणार? तयार कार्यकर्त्या नसतील, तर तेथेही सह्या करणाऱ्याच जातील आणि त्यांच्या मागे खुर्चीवर बसणारे असतील. राष्ट्राच्या संसदेचे भवितव्य आज या गावातल्या मासिक सभेत ठरते आहे, असे मी म्हणते ते याच अर्थाने.

म्हणून सदस्य भगिनींना माझी विनंती आहे. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. वाचायला वेळ लागला तर लागू द्या, ग्रामपंचायत अधिकारी थांबतील. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची असते. ती कागदावर न घेता देवळात किंवा शाळेत खरोखर घ्या. महिला आणि बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने उत्पन्नातला दहा टक्के वाटा खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे पुढच्या सभेत विचारा. आणि महिन्यातून एकदा आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी जा. निवडणुकीच्या वर्षी सगळेच जातात; बाकीच्या चार वर्षांत जा.

घरातल्या पुरुषांना माझे सांगणे एवढेच की, सभेच्या दिवशी बाईंना सभेत सोडा आणि स्वतः घरी थांबा. मुलांना शाळेतून आणा, जनावरांना पाणी दाखवा. ही राष्ट्रसेवाच आहे. आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनो, आरक्षण पडले म्हणून कोणाच्या तरी पत्नीचे नाव सुचविण्यापूर्वी, जी भगिनी बचत गटात, शाळा समितीत, पाणीपुरवठ्याच्या प्रश्नात आधीपासून उभी आहे, तिचे नाव सुचवा. ती एकदा हरली तर तिला टाकून देऊ नका. १९८५ विसरू नका.

शेवटी पुन्हा इंदुराकडे येते. ते शहर २०१७ मध्ये देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हा मालिनी गौड तेथील महापौर होत्या. म्हणजे पुन्हा एक स्त्री. पुढे हा मान त्याने वर्षानुवर्षे राखला. पण त्याच शहरात डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. मानचिन्हे कितीही असोत, एका गल्लीतल्या नळाकडे दुर्लक्ष झाले की त्याची किंमत जिवाने द्यावी लागते. म्हणूनच वॉर्डाचे काम छोटे नसते.

नीरेच्या काठावरून एकदा माणसे इंदूरला गेली आणि त्यांनी इतिहास घडविला. चिपळूणची एक मुलगी इंदूरला गेली आणि तेथून लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचली. वरकुट्याच्या लेकीला आणि सुनेला कोठेही जावे लागणार नाही. तिची पहिली पायरी या सभागृहाला लागूनच आहे. पुढच्या मासिक सभेला तुम्ही जा, आणि तेथे तुमच्याच खुर्चीवर बसा, एवढेच आज मागते.

भारत माता की जय.